अण्णांचं आजोळ

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर उभा जन्म काढलेला माणूस साठीत परदेशी गेला की काय होतं, ते आमच्या अण्णांकडं बघावं. पोरानं आठ दिवसांच्या सहलीत बसवून जावा-बालीला धाडलं, ते दुभाषी होऊनच परतले. परदेश बघून आलेले असले अण्णा आता पेठेपेठेत आहेत. बाकीचे फोटो दाखवून सोडतात. आमचे शब्द दाखवतात, आणि सोडत नाहीत.

सुरुवात योग्यकार्ताच्या बाजारात झाली. एका म्हातारीपुढं तपकिरी ढेपा मांडलेल्या. अण्णांनी एक उचलली, नखानं खरवडली, हुंगली, जिभेवर टाकली. म्हातारी म्हणाली, ‘गुला जावा.’ तिकडं गुला म्हणजे साखर, आणि गुला जावा म्हणजे माडाच्या रसाचा गूळ, हे गाईडनं नंतर सांगितलं. अण्णा तोवर ‘रंग बरा हाय, पर चुना जास्त पडलाय’ असा निकाल देऊन मोकळे. वर गाईडलाच ऐकवलं, ‘आमच्या ४१९ उसाची आई कोण? तुमची जावाची पीओजे २८७८! म्हंजे हे आमचं आजोळ.’ हे मात्र खरं आहे, कृषीवाल्यांना विचारा. आजोळ असलं तरी भाव करताना अण्णांनी नातं मधी येऊ दिलं नाही.

भाषा त्यांना मानवली, कारण तिच्यात त्यांच्यासारखाच काटकसरीपणा आहे. क्रियापदाला ना लिंग, ना काळ. पुढं ‘सुदा’ लावलं की काम झालं, ‘बलुम’ लावलं की अजून व्हायचंय. ‘उधारी आली का?’ ‘बलुम.’ अडतीचा निम्मा कारभार एवढ्यात उरकतो. शिवाय आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’सारखा भेद तिथंही आहे, कामी आणि किता. हॉटेलात ऑर्डर देताना अण्णा ‘कामी’ म्हणायचे, बिल आलं की ‘किता’.

फजिती झालीच. घाटात पाटी दिसली, ‘हाती-हाती’. अण्णांनी गाडी थांबवायला लावून हत्ती शोधला. पाटीचा अर्थ ‘जपून’. दुसऱ्या दिवशी शहाळं मागायचं होतं, ते ‘कलापा मुदा’. अण्णांच्या तोंडून गेलं ‘कपाला मुदा’. कपाला म्हणजे डोकं, आपल्या कपाळाचंच भावंड. कोवळं डोकं मागणाऱ्या या गिऱ्हाइकाकडं शहाळेवाल्यानं नीट बघितलं, त्याच्या टकलाकडं बोट केलं आणि म्हणाला, ‘तुआ, पाक!’ तुआ म्हणजे जून. दोघं पोट धरून हसले. अण्णा म्हणतात, इंडोनेशियन मी त्या मिनिटाला शिकलो. माझं मत असं की ते शिकायला गेलेच नव्हते. तिथले लोक रस्त्यात भेटले की विचारतात, ‘माउ के माना?’ म्हणजे, कुठं निघालासा? मग, ‘सुदा माकान?’ जेवलासा का? पुण्यात अनोळख्याला असं विचारलं तर चौकीपर्यंत जाईल. कोल्हापूरकराला मात्र आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटणार. बोरोबुदूर अण्णांनी वीस मिनिटांत उरकलं, आणि ड्रायव्हरच्या तिन्ही पोरींची स्थळं कुठवर आली याची दीड तास चौकशी केली.

त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेले आणि ऐटीत म्हणाले, ‘एक पेला सुसु.’ दुधाला तिकडं सुसु म्हणतात, यात त्यांचा काय दोष? गवळ्यानं म्हशीची धार न थांबवता पलीकडच्या मुतारीकडं मान वळवली. काकूंना त्यांनी ‘इस्त्री’ म्हणून हाक मारली. बायकोला तिकडचा शब्द तोच, मूळही आपल्याच ‘स्त्री’तलं. काकूंनी गरम इस्त्रीच आणून पुढ्यात ठेवली.

परवा रात्री मी गेलो तेव्हा अण्णांचा व्हिडिओ कॉल चालला होता. पलीकडं तोच ड्रायव्हर, मागं पोरींची गर्दी. त्यानं मोठ्या मायेनं विचारलं, ‘सुदा माकान, पाक?’

अण्णांनी चेहरा पाडून सांगितलं, ‘बलुम.’

काकू भांडी घासता घासता आतून ओरडल्या, ‘बलुम कसं? आत्ता तीन भाकऱ्या आन् वाटीभर तांबडा रस्सा कुणी खाल्ला?’