कठड्यावरच्या गजाली

९ जून २०२४, रविवार. संध्याकाळचे सात वाजून गेलेत. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत राष्ट्रपती भवनातला शपथविधी चालू आहे. शेजारच्या खोलीत न्यूयॉर्कच्या भारत-पाकिस्तान सामन्याची वाट बघणं चाललंय. आणि पावसाळा आजच मुंबईत दाखल झाल्याचं वेधशाळेनं जाहीर केलंय. खाली गटार तुंबलंय, त्यामुळे नाक्यावर जाणारे सगळे गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे.

"गो वहिनी, जिंकला कोण?" काकींनी विचारलं.

"मॅच सुरू व्हायचीय अजून, काकी."

"मॅच नाय गो, इलेक्शन. चार तारखेपासून विचारतंय, एक मेलो सरळ सांगूक तयार नाय."

काकींचं काही चुकत नव्हतं. भाजप ३०३ वरून २४० वर आला, बहुमताला ३२ कमी पडले. मित्रपक्ष धरून २९३ झाले आणि तिसऱ्यांदा सरकार आलं. महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी ३० जागा आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला. म्हणून आमच्या मजल्यावर उलटाच प्रकार. दिल्ली जिंकलेले भाऊजी पाच दिवस कुणाशी बोलत नाहीत आणि दिल्ली हरलेले नाना पाच दिवस पेढे वाटतायत.

"हरलेल्यांनी पेढे वाटायचे, ही कुठली पद्धत?" भाऊजींनी टीव्हीवरची नजर न काढता आतूनच विचारलं.

"दक्षिण मुंबई कोणी जिंकली? ५२,६७३ मतांनी!" नाना.

"शिवसेनेनं जिंकली. आणि हरली कोण? तीही शिवसेनाच. अरविंद सावंत शिवसेना, यामिनी जाधव शिवसेना. एक मशाल, एक धनुष्यबाण. घरातल्या घरात मारामारी करून आनंद कसला करताय?"

"माका तर थंय मशिनीसमोर घाम फुटलो," काकी म्हणाल्या. "इतकी वर्षां धनुष्यबाण बघून बटण दाबलंय. ह्या वेळी बोट आपसूक थंयच जाऊक लागला."

"मग दाबलं कुठलं?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"ता सांगूचा नसता. गुप्त मतदान."

वीस मेपासून अख्खा मजला हे काढून घ्यायला बसलाय. काकी दाद देत नाहीत.

"मशाल काही नवी नाही हो," नाना म्हणाले. गिरणीतून बाहेर पडून त्यांना जमाना झाला, पण जुनी निवडणूक काढली की ते खुर्ची ओढून घेतात. "८५ साली छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आले होते. तेव्हा धनुष्यबाण हक्काचा नव्हताच मुळी."

"आणि आज भुजबळ कुठे आहेत?" आतून भाऊजी.

"अजितदादांकडे," मी म्हटलं. नाना गप्प.

कोण कुठे आहे हे सांगायला लागलं की या वेळी अशीच पंचाईत होते. राजकारण कमी आणि घराघरांतली भांडणं जास्त. बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर. सुप्रिया सुळे जिंकल्या, तेही १,५८,३३३ मतांनी. त्या दिवसापासून चाळीतल्या सगळ्या नणंदांच्या चालीत फरक पडलाय, असं माझं निरीक्षण आहे. तेवढ्यात टीव्हीवर रक्षा खडसे शपथेला उभ्या राहिल्या. सून भाजपची मंत्री, सासरे शरद पवारांच्या पक्षाचे आमदार, आणि सासऱ्यांनी एप्रिलमध्येच जाहीर केलेलं की मी भाजपात परत येतोय. जेवायला पानं कशी घेत असतील त्यांच्याकडे!

"राणे खय दिसाक नाय ते?" काकी टीव्हीत डोकावल्या. त्यांचं गाव सिंधुदुर्गात. तिकडे सात मेलाच मतदान झालं आणि राणे कमळावर ४७,८५८ मतांनी आले.

"महाराष्ट्रातून सहाच घेतलेत, काकी. त्यात ते नाहीत."

"म्हणजे गावच्या दिराचा मत पण फुकट गेला." काकींना नेमकं वाईट वाटलं की बरं, ते कळलं नाही. दीर गावाला कमळवाला, मुलगा इथे मशालवाला. फॅमिली ग्रुपवर महिनाभर फक्त आंब्याचे फोटो येतायत. दुसरं काही टाकायची कुणाची हिंमत नाही.

"फुकट काय जातं ते मला विचारा," मी म्हटलं. "माझी नणंद जोगेश्वरीला. शनिवार, रविवार आणि सोमवारी मतदानाची सुट्टी असं जोडून अख्खं कुटुंब गावाला. आंबे, फणस, सगळं साग्रसंगीत. आणि निकाल काय लागला? रवींद्र वायकर ४८ मतांनी! तिला आता झोप नाही. म्हणते, आम्हीच पाडला गं अमोल कीर्तिकरला."

"एका मजल्यावर अठ्ठेचाळीस माणसं तर आपल्याकडे आहेत," बाळ्या म्हणाला. या मुलाचं हे पहिलं मतदान. उन्हात रांगेत उभा राहिला, मोबाईल आत नेता येत नाही म्हणून पानवाल्याकडे ठेवला, आणि शाईचा फोटो मतदानापेक्षा जास्त जपला.

"तिच्या पाच जणांमुळे काही होत नाही," नानांनी धीर दिला. "तिथं नोटालाच पंधरा हजारांवर मतं पडलीत. आणि कीर्तिकरांच्या घरी तरी काय? वडील शिंदेंकडचे मावळते खासदार, मुलगा ठाकरेंचा उमेदवार."

"पण नाना, एक बोलू?" भाऊजी शेवटी गॅलरीत आले. "तुमची मशाल लालबागनं नाही पेटवली. नागपाडा, भायखळ्यानं पेटवली. यामिनीताई भायखळ्याच्या आमदार, आणि तिथंच मागे पडल्या. मलबार हिलला बघा, तिकडे धनुष्यबाण पुढे."

हे वाक्य चार तारखेपासून मजल्यावर फिरत होतं, फक्त तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता होणार. नानांनी पेढ्याचा पुडा बंद केला.

"त्र्याण्णवच्या जानेवारीतल्या दंगलीत मी याच गॅलरीत रात्र रात्र जागलोय, तूही होतास," ते म्हणाले. "तेव्हा कुणी म्हटलं असतं की नागपाडा आणि लालबाग एका चिन्हाला मत देतील, तर त्याला वेड्यात काढलं असतं. आता दिलं, तर तेही चालत नाही तुला? मत त्यांचं, मोजलं गेलं, संपलं. आणि गिरणगावाला तुटातुटीचं कसलं नवल सांगतोस? ५७ साली इथून डांगे. ६७ ला तिकडे दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसनं स. का. पाटलांना आडवं केलं. सत्तर साली आपल्या कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या बायको उभ्या राहिल्या आणि वामनराव महाडिक आले, शिवसेनेचे पहिले आमदार. त्या वर्षी एकाच खोलीत बाप लाल बावट्याचा आणि पोरगा सेनेचा होता. ८४ ला इंदिराबाईंच्या लाटेत अख्खा देश एकीकडे आणि आपण डॉक्टर सामंतांना अपक्ष निवडून दिलं."

"मग आताच एवढा त्रास का होतोय तुम्हाला?" बाळ्यानं सरळ विचारलं.

"त्रास हरण्याचा नाही रे. तेव्हा भांडायचो, पण ज्याला मत दिलं तो कुठे उभा आहे ते ठाऊक असायचं. आता हरलो तर हरलोच, आणि जिंकलो तर धाकधूक. २०१९ ला मी युतीला मत दिलं. आधी पहाटे शपथ झाली, ती तीन दिवस टिकली. मग आघाडीचं सरकार. मग एका रात्रीत माझं मत सुरतेला गेलं, तिथून गुवाहाटीला. मी कधी आसाम बघितलं नाही, माझ्या मतानं बघितलं. एका बटणात तीन मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री मात्र तिन्ही वेळा अजितदादा."

यावर भाऊजीही हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"आमचंही तेच आहे, नाना," ते जरा खाली आवाजात म्हणाले. "तुम्हाला वाटतं आम्ही खुशीत आहोत. ज्यांच्यावर सत्तर हजार कोटींचे आरोप करत आमच्या लोकांनी घसे कोरडे केले, त्यांच्याच घड्याळाला मत द्या म्हणून आम्हाला दारोदार सांगावं लागलं. विधानसभेला आणखी कोण कुठे असेल ते कुणी सांगावं?"

मी आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. दोन्ही बाजूंना एकच दुखणं आहे हे कळल्यावर चहा लागतोच.

"विधानसभा राहू दे," काकी म्हणाल्या. "ह्या गटाराचा कोण बघता? आधी नगरसेवकाक हाक मारली की माणूस यायचो. आता तो खय असा?"

"नाहीच आहे, काकी. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून २२७ च्या २२७ खुर्च्या रिकाम्या. कारभार प्रशासकाकडे."

"म्हणजे मोदी कोण होतलो ता आमका विचारतत, आणि गटाराचा माणूस कोण ता विचारूक नाय?"

दोन वर्षं टीव्हीवर तज्ज्ञ बसून बोलतायत, पण इतकं नेमकं मी ऐकलं नव्हतं. खासदार जुनाच मिळाला, पंतप्रधान जुनाच मिळाला, आमदार आहे. फक्त गॅलरीतून हाक मारता येईल असा एकही नाही.

मग अर्ज लिहायचा ठरला. बाळ्यानं लिहायला घेतला. सही पहिली कुणाची, यावर पाच मिनिटं गेली. शेवटी काकींचा अंगठा पहिला, मग नाना, मग भाऊजी.

"वॉर्डात द्यायचाच, पण एक प्रत शाखेत देऊ," नाना म्हणाले.

"कुठल्या शाखेत?" भाऊजी लगेच ताठ झाले.

"दोन्ही शाखांत दे रे," काकींनी निकाल दिला. "एक इकडची, एक तिकडची. आणि गटार उघडला की श्रेय कोण घेतलो?"

"दोघांचेही फ्लेक्स लागतील, काकी," बाळ्या म्हणाला, "आणि गटाराच्या झाकणावरच लागतील. परत तुंबलं तरी कळायचं नाही."