७.५२ चे भाऊ

डोंबिवलीच्या प्रत्येक इमारतीत एक भाऊ असतात. आडनाव बदलतं, गाडी बदलते, भाऊ तेच. आमच्या इमारतीतले भाऊ ७.५२ चे. "भाऊ कधी भेटतील?" असं विचारलं की वहिनी "रविवारी" म्हणायच्या, आणि रविवारी भाऊ झोपलेले असायचे. दोन गाड्यांच्या मधली वेटिंग रूम, एवढीच त्यांची स्वतःच्या घराशी ओळख. तोंडी कायम एकच तक्रार : "काय ती गर्दी! माणसाचा जीव जाईल एक दिवस."

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्या रात्रीपासून लोकल बंद झाली. ३१ तारखेपर्यंत, असं तेव्हा जाहीर झालं होतं. "मोठा मेगाब्लॉक समजायचा," भाऊ गॅलरीतून म्हणाले. मेगाब्लॉकला भाऊ घाबरत नाहीत. तो संध्याकाळी संपतो. हा संपेना. ३१ मार्चचा १४ एप्रिल झाला, १४ एप्रिलचा ३ मे झाला.

बाकी इमारत आपापल्या परीनं रमली होती. कोणी दालगोना कॉफी फेटत होतं, कोणी दूरदर्शनवर सकाळी नऊ आणि रात्री नऊ असं दोन वेळा रामायण बघत होतं, कोणी दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होतं. भाऊंना यातलं काही जमेना. मग त्यांनी घरच वेळापत्रकावर आणलं. ६.४० ला आंघोळ, ७.०५ ला चहा, साडेसातला शर्ट इन करून तयार. ७.५२ ला भाऊ दारात उभे. आतल्या बाजूनं, एक हात चौकटीवर. वहिनी म्हणायच्या, "अहो, बसा की." भाऊ म्हणायचे, "ठाण्यापर्यंत उभंच बरं."

ठाणं गेलं की भाऊ सोफ्याकडे सरकत. तिथं मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या मीटिंगमध्ये. भाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारत, "कुठे उतरणार?" मुलगा, सून आणि वहिनी असे तिघं सोफ्यावर बसलेले असले, तर समोरची रिकामी खुर्ची सोडून भाऊ "जरा सरका" म्हणत आणि चौथी सीट घेत. अर्धं अंग सोफ्यावर, अर्धं अधांतरी. खुर्चीत बसा म्हटलं तर तोंड कडू करत. खुर्चीला शेजार नसतो. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पॅसेजमध्ये ते दिवा लावू देत नसत. तो पारसिकचा बोगदा होता.

१६ एप्रिलला वहिनींनी शिरा केला, कारण भाऊंनी हट्ट धरला. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. "घरातल्या माणसाचा वाढदिवस लक्षात राहत नाही," एवढं बोलून वहिनींनी वेलची कुटली.

गाडीचा ग्रुप मोबाईलवर भरू लागला, अर्थात ७.५२ लाच. पहिला आठवडा विंडो कोणाची यावर गेला, कारण प्रत्येकाच्या स्क्रीनवर प्रत्येक जण वेगळ्या चौकोनात दिसायचा. भजन सुरू केलं तर आवाज मागेपुढे : टाळ मुलुंडला पोचलेला, मृदंग अजून दिव्यातच. तरी दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा करायची रीत त्यांनी मोडली नाही. भाऊंनी सोफ्याला झेंडूची माळ घातली आणि सगळ्यांना कॅमेऱ्यातून पेढे दाखवले.

तोवर खरा घाव बसून गेला होता. १५ जूनपासून लोकल धावत होती, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. भाऊंच्या आयुर्विम्याच्या फायली कुणालाच अत्यावश्यक वाटल्या नाहीत. तेही त्यांनी गिळलं. मग २१ ऑक्टोबरपासून सगळ्या महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली, आणि वहिनी दिवाळीच्या खरेदीला दादरला निघाल्या. भाऊंनी त्यांना कुठला डबा जिन्यासमोर येतो, हवा कुठल्या बाजूला लागते, दादरला कुठून उतरायचं, सगळं कागदावर काढून दिलं. वहिनींनी त्याच कागदावर मागच्या बाजूला पणत्या, रांगोळी, उटणं लिहिलं. परत आल्या तेव्हा भाऊ दारातच होते.

"गर्दी किती होती?"

"कसली गर्दी? बसून गेले, बसून आले."

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांत सर्वांना गाडी खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. अखेर १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवासाची मुभा मिळाली. त्या दिवशी रविवार होता, वर स्वातंत्र्यदिन. ऑफिस बंद. भाऊ तरी डबा घेऊन निघाले. सीएसएमटीला पोचले, स्टेशनाबाहेर पाऊल न टाकता पुढच्या गाडीनं परतले आणि दुपारी घरी येऊन पडक्या चेहऱ्यानं सोफ्यावर बसले. सबंध सोफा मोकळा होता.

"कशी होती हो गाडी?" वहिनींनी विचारलं.

"काय सांगू! चढताना कुणी साधा धक्कासुद्धा मारला नाही."

"एवढंच ना," वहिनी पदर खोचत म्हणाल्या, "व्हा उभे. मी मारते."