राइट फील्डच्या मुलाचा बाप

एप्रिलातल्या शनिवारी सकाळी आठ वाजता न्यू जर्सीत शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये. ऊन दिसतं, पण ते कॅलेंडरवरच्या उन्हासारखं, अंगाला लागत नाही. अशा वेळी एडिसनमधल्या एखाद्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत एक मराठी इसम बसलेला आढळतो. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मुलाच्या टीमची टोपी, मांडीवर बायकोची शाल, हातात चहाचा थर्मास. हा बेसबॉलबाप. ही जमात हिवाळाभर सुप्तावस्थेत असते, एप्रिलात तिला कोंब फुटतो आणि जूनच्या अखेरीस शाळा सुटता सुटता ती कोमेजते. माझी खुर्ची त्याच रांगेत असते, त्यामुळे निरीक्षणाला अंतर कमी पडतं एवढंच.

बेसबॉलबाप लहानपणी क्रिकेट खेळलेला असतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे. ज्याला खेळातलं काहीच कळत नाही तो बाप सुखी. तो दर दहा मिनिटांनी "गुड जॉब, बडी!" म्हणतो आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतो. आमच्या माणसाला मात्र दादरच्या मैदानात सरांनी घोटून घेतलेलं असतं की बाहेरचा चेंडू सोडायचा. सोडण्यातच फलंदाजाची जात कळते. ते संस्कार त्याने घरामागच्या हिरवळीवर मुलाला दिले. मुलगाही गुणी. पहिल्या मॅचला त्याने तीन चेंडू डौलात सोडले, अंपायरने तीन स्ट्राइक मोजले आणि चिरंजीव परत आले.

पुढल्या शनिवारी चेंडू बॅटची कड घेऊन मागच्या जाळीकडे गेला. बाप खुर्चीतून उठला. "काय लेट कट मारलाय!" तो फाउल होता. मग पिचरने चार चेंडू वेडेवाकडे टाकले आणि मुलगा शांतपणे चालू लागला. बाप ओरडला, "अरे थांब, अजून आउट दिलेलं नाही!" मुलगा वॉक मिळाल्यामुळे पहिल्या बेसकडे निघाला होता. क्रिकेटमध्ये चालू पडतो तो बाद झालेला सभ्य माणूस, इथे चालू पडतो तो लाभार्थी. पण त्याला सर्वांत लागतं ते बॅटचं. चेंडू मारला की पोरं बॅट मातीत टाकून पळतात! बॅटला पाय लागला तर हात कपाळाला नेणाऱ्या पिढीतला माणूस हा. दर वेळी त्याचा हात अर्ध्यावर येतो आणि मग तो टोपी नीट केल्यासारखं करतो.

मुलगा राइट फील्डला असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या खेळात त्या कोपऱ्याकडे चेंडू क्वचित जातो, म्हणून ज्याच्याकडे चेंडू जाऊ नये असं कोचला मनापासून वाटतं त्याला तिथे उभं करतात. मुलाची तक्रार नसते. तिथे पिवळी रानफुलं असतात, नेवार्कच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं असतात, हातमोजा डोक्यावर घालून बघता येतो. तक्रार असते बापाची. कोचचा मुलगा शॉर्टस्टॉपला का? पिचरही तोच का? या प्रकाराला इथे 'डॅडी बॉल' म्हणतात आणि राइट फील्डच्या प्रत्येक बापाला हा शब्द पहिल्या आठवड्यातच सापडतो. तो कोच बिचारा दिवसभर नोकरी करून, एक पैसा न घेता, मैदानावर चुन्याच्या रेघा मारत असतो. मदतनीस हवेत म्हणून त्याने फेब्रुवारीत मेल पाठवली होती. तेव्हा आमच्या माणसाकडे ऑफिसात रिलीज होतं. माझ्याकडेही होतं.

हे लिटल लीग प्रकरण १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने सुरू केलं, आणि केलं ते भाच्यांसाठी. त्यांचा बाप नव्हता म्हणून जमलं. बापाने सुरू केलं असतं तर पहिल्याच मोसमात भांडणं होऊन मैदानावर बटाटे लावले असते. तिथे दर ऑगस्टला जागतिक स्पर्धा होते. आमच्या माणसाने तिथल्या हॉटेलांचे दर बघून ठेवले आहेत. सहज.

मोसम खऱ्या अर्थाने चालवते ती आई. बुधवारी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, मधल्या दिवशी पावसाने बुडालेली मॅच. पावसाचा निरोप नेहमी गाडी मैदानाच्या पार्किंगमध्ये शिरल्यावर येतो. ढग गडगडले की खेळ थांबतो, मग शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं मोजायची. सत्ताविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडतं. गाडीत चार ओली मुलं बसलेली असतात आणि त्यातलं एकच आपलं असतं. घरी आल्यावर ती पांढरी पँट. लाल मातीत घसरत जायच्या खेळाला पांढरी पँट ज्याने ठरवली त्याने आयुष्यात कपडे धुतले नसावेत.

यंदा आजीही आलेली आहे, सहा महिन्यांसाठी. नऊवारीच्या घडीत वाढलेली ही बाई आता सहावारी, स्वेटर आणि पांढरे बूट घालून पहिल्या रांगेत बसते आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवते. "त्यांच्याही आया बघताहेत ना," म्हणते. सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकणारी पोरं पाहून तिने विचारलं, "शाळेत शिकवतात का हे?" नातवाच्या मांडीवर चेंडू बसला आणि त्याबद्दल त्याला फुकटचा बेस मिळाला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. आजी अंपायरकडे निघाली होती. तो अंपायर शाळकरी मुलगा होता, हे तिच्या हातातली छत्री पाहून जास्तच जाणवलं.

स्नॅकची पाळी आली तेव्हा आजीने चिक्की केली. शेंगदाणा चालत नाही, कुणाला ॲलर्जी असली तर पंचाईत, हे तिला समजावताना बेसबॉलबापाला जेवढे कष्ट पडले तेवढे इन्फील्ड फ्लायचा नियम समजून घेतानाही पडले नव्हते. ती चिक्की नंतर आम्ही बापांनी पार्किंगमध्ये उभ्याने संपवली.

अशा बापाला मोसमातून सुखरूप पार कसं न्यायचं, यावर मला एकच उपाय चाललेला दिसला: त्याच्या हाती पेन्सिल द्यावी. मे महिन्यात आमच्या कोचने हे केलं. कारण असं की मुलांच्या खांद्यांवर ताण येऊ नये म्हणून पिचरने किती चेंडू टाकावेत यावर बंधन आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५. त्यातही ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. हे आमच्या माणसाला तोंडपाठ होतं आणि तो कोचच्या मुलाचे चेंडू जाळीमागून मोठ्याने मोजत असे. "एकसष्ट! बासष्ट!" कोचने मुकाट्याने स्कोअरबुक आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून माणूस गप्प. डोळे बारीक, जीभ दाताखाली, रेघा सरळ.

फक्त त्या वहीत एक गंमत आहे. स्ट्राइकआउट झालेल्या मुलापुढे इंग्रजी 'के' लिहितात. बॅट फिरवून चुकला तर सरळ के, आणि तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा, आरशातला के. आमच्या माणसाने पोराच्या नावापुढे स्वतःच्या हाताने एकामागून एक उलटे के काढले. सोडण्यातल्या त्या संस्कारांची रांगोळीच. परतीच्या गाडीत तो आधी व्याख्यान देत असे. त्या आठवड्यांत तो रेडिओ लावू लागला.

जूनमधली शेवटची मॅच. शेवटचा डाव, दोन आउट, समोर आमचा राइट फील्डर. पहिला चेंडू सोडला, स्ट्राइक. दुसरा मागे जाळीत, फाउल. बापाने "लेट कट" गिळलेला मला दिसला. तिसऱ्या चेंडूला पोराने अशी बॅट फिरवली की तो स्वतःभोवती फिरून बसला आणि हेल्मेट डोळ्यांवर आलं. चेंडू कॅचरच्या मोज्यात.

मॅच हरली. पेन्सिल जपून चालली. बापाने वही आजीपुढे धरली.

"बघ, सरळ आहे."

आजीने चष्मा वर केला. "म्हणजे आउटच ना?"

"हो, पण सरळ."

पोरगा पँटवरची लाल माती झटकत आला आणि त्याने विचारलं, "आज स्नॅक कुणाचं आहे?"