दशांशातले दर्दी

गाणं आवडलं हे सांगायला साध्या माणसाला मान डोलावणं पुरतं. ‘पिचफोर्क’ला त्यासाठी दशांश चिन्ह लागतं. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे समीक्षापीठ इंडी रॉकवाल्यांची इभ्रत शून्य ते दहाच्या पट्टीवर मोजतं. ७.८ आणि ७.९ यांच्यामध्ये नेमकं काय हुकलं, हे विचारणारा अर्थातच अरसिक!

२००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ या अल्बमला इथे चक्क भोपळा मिळाला. २००६ मध्ये ‘जेट’ बँडच्या ‘शाइन ऑन’वर तर समीक्षकांनी शब्दही खर्ची घातले नाहीत. स्वतःच्याच तोंडात लघवी करणाऱ्या चिंपांझीची चित्रफीत लावली आणि परीक्षण संपवलं. समीक्षा इतकी नेमकी क्वचितच असते; फक्त त्यातला चिंपांझी नक्की कोण, एवढंच स्पष्ट झालं नाही.

पुढे २०२१ मध्ये पुनर्मूल्यांकन निघालं. १९ अल्बमचे गुण बदलले. डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून थेट दहावर गेला. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमचा भोपळा ६.० झाला. रेकॉर्डमधला एक सूरही बदलला नव्हता. सुधारले होते ते परीक्षक, पण गुण वाढले विद्यार्थ्यांचे.

२०२४ च्या जानेवारीत मालक कंपनीने हे पीठच ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन केलं आणि बऱ्याच जणांना नारळ दिला. त्या निर्णयाला दहापैकी किती, हे मात्र कुणी छापलं नाही.

तेव्हा नव्या गायकांनो, वाईट परीक्षण आलं तर खचू नका. वीसेक वर्षं जिवंत राहा. गुण आपोआप वाढतात.