डब्यातली हळद गेली कुठे?

वहिनी, अहो वहिनी! जरा इकडे या भिंतीपाशी. भांडायला नाही हो, तुमच्या मनीसाठी हाक मारली. आजचा दिवस तिला घरातच कोंडा. आमच्या गाडीखाली हिरवं पाणी सांडलंय. दोनदा धुतलं, तरी फरशीच्या सांध्यांत अजून चिकट लागतंय. चवीला ते गोड असतं म्हणे, आणि मांजराच्या पोटात चमचाभर गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मी काही चाखून बघितलं नाही, गॅरेजच्या पोरानं सांगितलं. कूलंट ते, इंजिन तापू नये म्हणून घालतात ना, ते.

आलं कुठून म्हणता? मग बसा त्या कट्ट्यावर. माझ्या कुकरला अजून दोन शिट्ट्या आहेत.

दिवाळीपासून मी ह्यांना सांगतेय की गाडी बाहेरून आली की पोर्चमध्ये काकवीसारखा वास येतो. तर म्हणे, "सांगलीची ना तू, तुला सगळीकडे गुऱ्हाळच दिसणार." सकाळी उठून बोनेट उघडायचे, आत वाकून बघायचे, आणि मला बोलावून दाखवायचे, "बघ, कोरडं ठणठणीत." असणारच की! गळायचं ते इंजिन तापून आत दाब आला की. रात्रभर गार झालं की पाईप आपला साळसूद, सासू घरात असल्यावरच्या सुनेसारखा. पुढे फरशीवर डाग पडायला लागले तेव्हा म्हणाले, "एसीचं पाणी असतं ते." वहिनी, आमच्या गाडीचा एसी जाऊन सहा वर्षं झाली!

पण त्या गाडीबद्दल बोलायची सोय नाही. ९७ची मारुती आठशे. पंधरा वर्षं झाली तेव्हापासून दर पाच वर्षांनी आरटीओच्या खेपा घालून नव्यानं पासिंग करून आणतात. पहिली आठशे १४ डिसेंबर १९८३ ला गिऱ्हाईकाच्या हातात पडली, हे ह्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. आमच्या लग्नाची तारीख विचारा, कॅलेंडर शोधतील. २०१४ साली ती गाडी बनायची बंद झाली, तर दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसले होते.

आता मधली गंमत ऐका. संक्रांतीच्या सुमाराला माझा हळदीचा डबा एकदम अर्ध्यावर आला. भाऊ सांगलीहून पाठवतो ती राजापुरी हळद, नुकताच शिगोशीग भरला होता. मी मनातल्या मनात संशय घेतला तो आमच्या कामवाल्या मावशींवर. तोंडातून काढलं नाही, एवढी देवानं बुद्धी दिली. पण दोन दिवस त्यांच्याशी जरा तुटक वागले, ते आता खातंय मला.

आणि मग गेल्या रविवारी वाईला बारसं होतं, माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. छे! गाडी असताना एसटी? शिरवळपर्यंत ठीक गेली हो. खंबाटकी चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मी काही बोलले नाही. बोलले तर घाट राहायचा बाजूला. काटा पार लाल रेघेपाशी गेला, आणि तेवढ्यात झपकन खाली आला. तर हे खूश! "बघितलंस? माझी गाडी स्वतःची स्वतः थंड होते." अहो, थंड कसली होतेय! काटा ज्याच्यावर चालतो ते यंत्र पाण्यात बुडलेलं असायला हवं. पाणीच वाहून गेलं, तर तो बिचारा मोजणार काय? पुढच्याच वळणावर बोनेटखालून अशी वाफ आली, की मला वाटलं आता आपलं बारावंच घालतील लोक.

मागून एक ट्रक थांबला. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, साताऱ्याकडचाच असावा बोलण्यावरून. हे रेडिएटरचं झाकण उघडायला धावले तर त्यानं हातच धरला. म्हणाला, "काका, चेहरा भाजून घ्यायचाय का?" बाटलीतलं गार पाणी ओतू म्हटलं तर तेही नको म्हणाला, तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर हेडला तडा जातो. अर्धा-पाऊण तास नुसते बसलो आम्ही कठड्यावर. इकडे बारशाचा मुहूर्त चाललेला, आणि माझ्या मांडीवर अंगडं-टोपडं.

मग त्यानं ओल्या फडक्यानं झाकण हळूच सैल केलं, उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. वहिनी, पिवळंजर्द बोट! वास घेतला आणि विचारतो, "हळद कुणी घातली ह्यात?"

ह्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मी काही विचारलंच नाही. नुसतं बघितलं.

हो हो, खरंच. पूर्वी ॲम्बॅसिडरवाले, ट्रकवाले तसं करायचे म्हणे. रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की मूठभर हळद घालायची. ती पाण्याबरोबर फिरत फिरत भोकाशी जाऊन बसते आणि फुगून बूच मारते. ह्यांनी कुठल्या मित्राकडून ऐकलं, आणि मी हळदीकुंकवाला गेल्याचं बघून डब्यात हात घातला. ट्रकवाला काय म्हणाला माहितीय? "काका, हळद भोकाला चालते. तुमचा तर पाईप फाटलाय."

फाटला होता तो अगदी टोकाशी, जिथे क्लिप आवळलेली असते तिथे. त्याच्या क्लीनरनं क्लिप सोडली, चाकूनं फाटका इंचभर तुकडा कापून टाकला, उरलेला पाईप ताणून परत बसवला आणि क्लिप आवळली. पाच मिनिटांचं काम! प्यायच्या पाण्याच्या तीन बाटल्या ओतल्या, आणि झाकण पुरतं न आवळता लावलं, आत दाब कमी राहावा म्हणून. वर सांगितलं, हीटर पूर्ण चालू ठेवा, इंजिनची गरमी गाडीत येऊ द्या. पैसे घेतले नाहीत त्यानं. मी बारशाला नेलेले पेढे दिले. दुपारच्या उन्हात, हीटर लावून, पैठणीत! वाईला पोचलो तर बाळ पाळण्यात झोपलेलं आणि घुगऱ्या वाटून संपलेल्या.

काल नाना पेठेतून नवा होज पाईप आणि दोन क्लिपा आणल्या. पैसे किती, विचारू नका. माझ्या हळदीच्या आसपासच. सकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा पोरगा आला होता. वीस-बावीसचा असेल, पण हात बघण्यासारखा. गार गाडीखाली आमचं जुनं घमेलं सरकवलं आणि पाणी काढून घेतलं. थोडं बाहेर उडालं ते हेच, मनीवालं. जुना पाईप चिकटून बसलेला. हे पेचकस घालून उचकटायला निघाले, तर पोरगं ओरडलं, "काका, रेडिएटरची पितळी नळी वाकली तर रेडिएटरच बदलावा लागेल!" ब्लेडनं उभा चिरला त्यानं, पडवळ चिरतो तसा, आणि सोलून काढला. मग मला दाखवला. वरून काळाभोर, चकचकीत. आणि आतून? भेगाच भेगा, उन्हात तळं आटल्यावर चिखल होतो तशा. म्हणाला, "काकू, रबर आतून जातं, तेही क्लिपेजवळ. गार असताना तिथे चिमटीत दाबून बघायचं. पिचपिचीत लागलं किंवा करकरलं, की बदलायचा." आता मी बागेतल्या पाईपलासुद्धा चिमटे काढत फिरतेय.

नळीवर पांढरा-हिरवा क्षार धरला होता. तो पॉलिश पेपरनं घासला. नव्या पाईपात क्लिपा आधीच ओवून घेतल्या, नाहीतर मागाहून परत सगळं सोडत बसा. ह्यांनी ग्रीस पुढे केलं, सहज सरकावा म्हणून. पोरगं म्हणालं, "तेल-ग्रीस नको, रबर मऊ पडतं." कूलंटचंच बोट फिरवलं आणि ढकलला. क्लिप अगदी टोकाला नाही, नळीच्या उंच कडेच्या आत बसवायची आणि पाईपाला करकोचा पडेपर्यंत पिळायची नाही.

मी विचारलं, झाकणाचं एवढं काय असतं रे? तर म्हणाला, "तुमचा कुकरच तो. झाकणावर ०.९ लिहिलंय ना, तेवढा दाब धरतो, म्हणून आतलं पाणी शंभराला उकळत नाही, ११५च्या पुढे जातं. गळती लागली की शिट्टी काढलेला कुकर." वीस वर्षं मी ह्या माणसाकडून इंजिन ऐकतेय, इतकं सोपं एकदा सांगितलं नाही.

सगळ्यात वेळ गेला तो हळद धुण्यात. तीनदा पाणी भरलं, गाडी चालू केली, सोडलं. घमेल्यात लग्नघरासारखा रंग! मग अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी. बोअरचं पाणी अजिबात नको म्हणाला, आत खापऱ्या धरतात. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे येत राहिले, वरचा पाईप हाताला गरम लागला, पंखा आपोआप फिरला, मग झाकण लावलं. उद्या गार असताना पातळी परत बघायचीय. ते काम मी करणार आहे. ह्यांना हात लावू देणार नाही.

झाली बघा तिसरी शिट्टी. जाते.

अगं बाई, मुख्य राहिलंच! वाटीभर हळद असेल तर द्या ना. डबा पार तळाला गेलाय, आणि दुपारी मावशींना जेवायलाच थांबवून घेतलंय, भरल्या वांग्याला. भिंतीवरूनच द्या, आणि जरा पदराआड. आमचे हे खिडकीत उभे आहेत.