निर्जन बेटावर न्यावयाचे चित्रपट : इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

निर्जन बेटावर अडकण्याची वेळ मराठी माणसावर फारशी येत नाही. आपल्याकडचे बेट म्हणजे जंजिरा, आणि तिथे रविवारी गेलात तर एकांत सोडाच, फोटो काढायला रिकामी तोफ मिळत नाही. तरीही 'बेटावर कोणते सिनेमे न्याल?' हा प्रश्न दिवाळी अंकाच्या परिसंवादापासून ट्रेकच्या शेकोटीपर्यंत कुठेही अंगावर येऊ शकतो. अशा वेळी तोंडातून भलतेच नाव गेले, तर माणूस उरलेले आयुष्य त्या नावाने ओळखला जातो. म्हणून जहाज बुडण्याची वाट न पाहता यादी आधीच तयार ठेवणे हिताचे. इच्छुकांच्या सोयीसाठी नियम क्रमवार दिले आहेत.

१. संख्या

चित्रपट आठ न्यावेत. हा आकडा हवेतून काढलेला नाही. रॉय प्लॉमली या गृहस्थांनी 1942 साली बीबीसी रेडिओवर 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात पाहुण्याला बेटावर आठ तबकड्या नेता येतात. पुढे एका पुस्तकाची आणि एका चैनीच्या वस्तूचीही परवानगी मिळाली. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात. आपल्या बेटावर त्यांच्या जागी ज्ञानेश्वरी आणि पु. ल. ठेवले आहेत असे धरून चालावे. यावर हरकत असल्यास ती बेटावर पोचल्यावर स्वतःकडेच नोंदवावी.

मालिका चालणार नाहीत. चित्रत्रयी एक धरली जाणार नाही. सत्यजित राय यांचे अपूवरचे तिन्ही चित्रपट हवे असतील, तर तीन जागा जातील. आणि बेटावर वीज कुठून येणार, असे विचारणाऱ्याचा अर्ज तिथल्या तिथे निकाली काढण्यात येईल. भारनियमनाची चिंता करायला आपले गाव पुरेसे आहे.

२. दोन याद्या

प्रत्येक सुशिक्षित माणसाकडे दोन याद्या असतात. एक दर्शनी, एक खरी. दर्शनी यादी दिवाणखान्यातल्या शोकेससारखी असते : तिच्यातले काही वापरायचे नसते, पण पाहुणे आले की दिसले पाहिजे. 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन', 'पथेर पांचाली' आणि एखादा बर्गमन. ती तयार करायला डोके चालवण्याचीही गरज नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढते. 2022 साली तिच्यात पहिला आला शांताल अकरमन यांचा 'जान डीलमान'. लांबी 201 मिनिटे. त्यात एक विधवा बाई घरकाम करते, स्वयंपाक करते, बटाटे सोलते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. चित्रपट थोर आहे यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की दिवसभर नारळ सोलून दमलेल्या माणसाने रात्री दुसऱ्याचे बटाटे सोलणे पाहावे का?

बेटावर दर्शनी यादी कुचकामी ठरते, कारण ती दाखवायची कुणाला? तिथे चारचौघांत मान हलवणारे चारचौघे नाहीत. खरी यादी मात्र सहसा आपली आपल्यालाच ठाऊक नसते. ती शोधायची तर रविवारी दुपारी जेवण अंगावर आल्यावर रिमोट हातात घ्यावा, डोके बंद ठेवावे आणि अंगठा कुठे थांबतो ते दुसऱ्या कुणाला तरी टिपून ठेवायला सांगावे.

हा दुसरा कुणी तरी म्हणजे घरचे माणूस. समजा, एक गृहस्थ विजेच्या बिलाच्या पाठीमागे यादी करत बसले आहेत. पलीकडे बायको गवार मोडते आहे. न बघताच ती विचारते,

"काय लिहिलंत?"

"राशोमोन."

"अहो, मागे लावलात तेव्हा तो लाकूडतोड्या जंगलात पोचायच्या आत तुम्ही घोरत होतात."

"मी डोळे मिटून विचार करत होतो."

"आणि परवा रात्री एक वाजेपर्यंत ते 'धूमधडाका' कोण बघत होतं? स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तर एकटेच हसताय."

गृहस्थ राशोमोन खोडत नाहीत. शेजारी प्रश्नचिन्ह काढतात. गवारीची शेवटची शेंग मोडून झाल्यावर तिच्या लक्षात येते, की यादी एका माणसाची आहे.

"आणि मी कुठे असणार तेव्हा?"

या प्रश्नाचे उत्तर या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

३. टिकाऊपणाची चाचणी

बेटावर एकच चित्रपट शंभर वेळा पाहावा लागणार. म्हणजे रहस्यपट बाद, कारण दुसऱ्या दिवशीपासून खुनी तुमच्या घरचाच होतो. टिकाऊपणाच्या बाबतीत आपल्या लोकांनी पूर्वीच बरेच संशोधन करून ठेवले आहे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (1959) पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षे. आणि हे पुण्यात घडले, जिथे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा आवडली हे कबूल करणे कमीपणाचे मानतात. 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे मुक्कामाला होता. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' 1995 साली मराठा मंदिरात शिरला आणि तिथेच संसार थाटून बसला.

घरगुती चाचणी याहून सोपी आहे. चित्रपट मधूनच कुठूनही लावावा. पाच मिनिटांत तुम्ही पात्राच्या आधी संवाद म्हणू लागलात, तर उत्तीर्ण. शेवट काय होतो ते आठवेना म्हणून बघत राहिलात, तर नापास.

४. खातेवाटप

आठ चित्रपट म्हणजे मंत्रिमंडळ. नुसती लायकी बघून भागत नाही, खाती भरावी लागतात. नमुन्यादाखल सहा :

गृहनिर्माण : 'अशी ही बनवाबनवी' (1988). पुण्यात राहायला जागा मिळेना म्हणून चौघांतल्या दोघांना लुगडी नेसावी लागतात, ही त्या धमालीच्या तळाशी असलेली शोकांतिका बेटावरच नीट कळते. अख्खे बेट तुमच्या नावावर. डिपॉझिट नाही, घरमालक नाही, रात्री दहानंतर पाहुणे आणू नका म्हणणारे कोणी नाही. धनंजय माने कुठे राहतात याची चौकशी सुरू झाली, की मागे टेकून एक शहाळे फोडावे. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. हा चित्रपट पाहताना संवाद आधी म्हणून टाकण्यात जी मजा असते, तिची निम्मी शेजारच्याच्या "गप्प बस ना!" मध्ये असते. बेटावर ती निम्मी मिळणार नाही.

नातेवाईक : 'हम आपके हैं कौन' (1994). चौदा गाणी, एक लग्न, डोहाळजेवण, असंख्य मावश्या आणि एक कुत्रा. आहेर न देता इतकी माणसे घरी येण्याचा योग एरवी नाही. आठवड्यातून एकदा लावावा. संपेपर्यंत आपण एकटे आहोत याचे समाधान वाटू लागते.

राजकारण : 'सिंहासन' (1979). मराठी माणूस अन्नावाचून काही दिवस काढील, पण 'मुख्यमंत्री बदलणार का?' या विषयावाचून नाही. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी चित्रपट केला. बेटावर वर्तमानपत्र येत नाही, ती उणीव हा एकटा भरून काढतो. सुटका होऊन परत आल्यावर तुमच्या माहितीत फारशी दुरुस्ती करावी लागणार नाही.

अध्यात्म : 'संत तुकाराम' (1936). दामले-फत्तेलाल यांच्या या प्रभातपटाचा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, म्हणजे तो दर्शनी यादीतही बसतो, ही दुहेरी सोय. बेटावर आज ना उद्या देवाशी बोलण्याची पाळी येणारच. कसे बोलावे याच्या दोन पद्धती इथे प्रात्यक्षिकासह मिळतात. एक विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाची, डोळे मिटून, चिपळ्या हातात घेऊन. दुसरी गौरीने उभ्या केलेल्या आवलीची. पोर आजारी पडल्यावर ती तरातरा देवळात शिरते आणि विठोबालाच फैलावर घेते. पाऊस नाही, मासा गळाला लागत नाही, क्षितिजावर जहाज नाही, अशा दिवसांत दुसरी पद्धत अधिक उपयोगी.

जलतरण : 'श्यामची आई' (1953). आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. लोक तो रडण्यासाठी पाहतात. बेटावर त्याचे महत्त्व वेगळे आहे. पाण्याला भिऊन दडून बसलेल्या पोराला आई मारून पोहायला पाठवते, ही श्यामची गोष्ट भरतीच्या वेळी आठवावी. रडून झाल्यावर पाण्यात उतरावे.

निर्णय : 'शोले' (1975). बेटावर मंत्रिमंडळही तुम्ही आणि विरोधी पक्षही तुम्हीच. उत्तरेकडची केळी आधी खावीत की दक्षिणेकडची, यावर दिवस जातो. जयकडून नाणेफेक शिकून घ्यावी. ते नाणे दोन्ही बाजूंनी सारखे होते हे शेवटी कळते, तेव्हा नशिबावर सोपवलेले बहुतेक निर्णय आपण आधीच घेतलेले असतात हेही कळते.

सातवी जागा बिनखात्याच्या मंत्र्यासाठी राखीव. इथे तो चित्रपट घालावा ज्याचे नाव तुम्ही आजवर कोणापुढे उच्चारले नाही. तो कोणता, हे विचारण्याचा अधिकार या मार्गदर्शिकेलाही नाही.

५. वर्ज्य चित्रपट

'टायटॅनिक' आणि 'लाइफ ऑफ पाय' यांना मनाई का, ते सांगायला नको. 'गुलाबजाम' (2018) नेऊ नये. पडद्यावर साग्रसंगीत पान वाढले जात असताना हातात भाजलेला खेकडा असेल, तर माणूस खचतो. 'झपाटलेला' (1993) नेण्यासही सक्त विरोध आहे. कधी तरी नारळावर डोळे-नाक काढून त्याच्याशी गप्पा मारायची वेळ तुमच्यावर येईलच. त्या रात्री रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू ताजा पाहिलेला असू नये.

सर्वांत जास्त आग्रह होतो तो टॉम हँक्सच्या 'कास्ट अवे'चा (2000). विषय जुळतो म्हणून. पण बेटावर बसून बेटाचा सिनेमा पाहणे म्हणजे ऑफिसात बसून ऑफिसची मालिका पाहणे. शिवाय नायक बेटावर असतो तोवर या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, नुसत्या लाटा आणि वारा. ते तुम्हाला फुकट उपलब्ध आहे. हा चित्रपट निघण्यापूर्वी घरी एकदा पाहून घ्यावा. कारण पुढच्या कलमात कळेल.

६. माध्यम

पेनड्राइव्ह हलका, पण खाऱ्या हवेत टिकत नाही. ओटीटीवर विसंबू नये. तिथले सिनेमे नेटवर्क असतानाही न सांगता नाहीसे होतात. व्हीसीडीवर एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत कोंबलेला असे आणि दुसरीवर चरा हा ठरलेला. अशा व्हीसीडीवर नायक-नायिकेचे भांडण होते, थेट नातू दिसतो. मधले तुम्ही समजून घ्यायचे.

खरी फिल्म न्यायची तर दोन प्रकार. जुनी नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही. 2003च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली, तेव्हा मूक जमान्यापासूनचा अमोल ठेवा गेला. जहाजाला खूण म्हणून धूर करायला ती उत्तम, पण उरलेल्या डब्यांना काडी लावणाऱ्याने सुटून परत येऊ नये. दुसरी ॲसिटेट फिल्म. उष्ण, दमट हवेत ती कुजते आणि डब्यातून व्हिनेगरचा वास सुटतो. बेटावर उष्मा आणि दमटपणा दोन्ही मुबलक. म्हणजे दोन पावसाळ्यांत सिनेमा गेला.

पण फिल्मचा जो गुण एकाही समीक्षकाने वाखाणलेला नाही, तो म्हणजे लांबी. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फुटांवर फिल्म लागते, म्हणजे पाच किलोमीटरच्या आसपास. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्येही अडीचशे मीटर फीत असते. आणि 'कास्ट अवे'मध्ये किनाऱ्याला लागलेल्या पार्सलांत व्हिडिओ कॅसेट निघतात, तेव्हा टॉम हँक्स त्यातला सिनेमा बघत नाही. तो फीत उसवतो, वळतो आणि तिने तराफ्याचे ओंडके बांधतो.

७. आठवा चित्रपट

येथवर निवडलेले सातही चित्रपट तुमचे लाडके आहेत. त्यांच्यातल्या एकालाही कापायला हात धजणार नाही; लाडक्या सिनेमाचा दोर होत नाही. त्यांच्या जिवावर बेट सुसह्य होते, किंबहुना इतके सुसह्य होते, की निघायचे राहून जाते. म्हणून आठवी जागा तुम्ही आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत रटाळ चित्रपटाला द्यावी. तो साडेतीन तासांच्या वर असावा. दोन मध्यंतरे असल्यास प्राधान्य. शक्यतो तुम्हाला आग्रहाने कोणी नेऊन दाखवलेला असावा, म्हणजे कात्री चालवताना मन कचरणार नाही.

तो पेनड्राइव्हवर नेऊ नये. कॅसेटवर किंवा डब्यांतच न्यावा. पोचल्याच्या पहिल्या दिवशी, अंगात ताकद आहे तोवर, न पाहता उसवायला घ्यावा. ओंडके जाडजूड निवडावेत, प्रत्येक गाठीला तिहेरी पीळ द्यावा, आणि मध्यंतरापर्यंतचा भाग शिडासाठी वेगळा काढून ठेवावा.