निस्तं अडलंय

गडहिंग्लजात मोटार रिवाइंडिंगची दुकानं पुष्कळ. त्यांतल्या एखाद्यात असे एक अण्णा असतातच. पुढं जळालेल्या पंपाच्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास. मागच्या खोलीत मात्र चाक. सायकलच्या रिमला जुन्या स्पीकरांतली मॅग्नेटं तिरकी डकवलेली, खाली भारीतलं बेअरिंग, शेजारच्या खुंटावर एक दांडगं मॅग्नेट. रात्रीच्या लाइटीला पाणी पाजून डोळे तारवटलेल्या शेतकऱ्याला अण्णा दिलासा देतात, "थांब जरा. बिलच भरायला लागणार न्हाई बघ."

एरवी माणूस हिशेबाला कडक. तार स्वतः तोलून घेणार. पाच एचपीच्या मोटारीवर सात एचपीचं काम मागणाऱ्या गिऱ्हाइकाची अक्कल चारचौघांत काढणार. फक्त मागच्या खोलीत शिरताना हिशेबाची वही गल्ल्यावरच राहते.

तिथं त्यांना विरोधी पक्ष भेटतो. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर मिक्सर दुरुस्तीला आणतात आणि चाकापाशी अडकतात. अण्णा चाकाला 'निस्तं बोट' लावतात. चाक झोकात फिरतं, मंदावतं, मागंपुढं डुलतं आणि दांडग्या मॅग्नेटसमोर नेमक्या जागी थांबतं.

"एक मॅग्नेट कमी पडालंय," अण्णा म्हणतात.

"अहो, मॅग्नेट जवळ येताना जेवढं ओढतं, तेवढंच लांब जाताना धरून ठेवतं. सामानगडावरनं सायकल फुकट उतरते. परत वर न्यायला पायडल मारावंच लागतं की नाही?"

"म्हणून तर ऐन टायमाला मधी पत्रा घालायचा. ओढ तुटली की चाक सुटलं!"

"आणि पत्रा सरकवायला जोर कुणाचा?"

"त्याला दुसरं चाक."

सर मग इतिहासात शिरतात, पण तिथंही अण्णा आधीच जाऊन बसलेले. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त पाऱ्यावर आपोआप फिरणारं चाक सांगितलंय, हे त्यांना पाठ. "सांगितलंय, फिरताना पाहिलं कुणी?" असं म्हणून सर पॅरिस गाठतात. तिथल्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्येच असली यंत्रं तपासणं बंद केलं.

"तवा निओडिमियम मॅग्नेट कुठं हुतं?"

शेवटी सर कायदा काढतात. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दाव्याला पेटंट मिळत नाही. अण्णांचा चेहरा गंभीर होतो. "म्हंजे कुणी आयडिया चोरली तर दाद न्हाई?" त्या दिवसापासून चाकावर पोतं पडतं आणि खोलीला कुलूप लागतं.

अशात एखादं गिऱ्हाईक वीजबिल निम्मं करणारी डबी घेऊन येतं. अण्णा स्क्रू काढून आतला कपॅसिटर दाखवतात आणि बिल तेवढंच येणार, हे खडसावून सांगतात. मोबाइलवर कुणी आपोआप फिरणारं चाक दाखवलं, की लपवलेली बॅटरी कुठं असेल ते पहिल्या नजरेत ओळखतात. तालुक्यात त्यांच्याइतका चिकित्सक माणूस सरांनाही सापडलेला नाही.

म्हणून सर एकदा हळूच सुचवतात, "अण्णा, हीच नजर जरा पोत्याखाली फिरवा की."

अण्णांना मनापासून वाईट वाटतं.

"ती माणसं लबाड हैत, सर. माझं निस्तं अडलंय."